बहुपत्नी पंथातून पळून जाणं : सिनेमातलं आणि शॉर्ट क्रीकमधलं

पटकथालेखन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेतल्या बहुपत्नी पंथातून पळून जाणाऱ्या मुलींवरचे सिनेमे त्याने ओळीने पाहिले आणि सगळीकडे साधारण तेच दिसलं. लग्नाची आदली रात्र, खिडकीतून उडी, लांब झगा सावरत वाळवंटातून धावणं, मागे पिकअप ट्रकचे दिवे, आणि आता सापडणार एवढ्यात हायवेवर कुणीतरी भला माणूस गाडी थांबवतो. हे खरंच असं घडतं का? आणि दाराला कुलूप नसेल तर या बायका सरळ उठून निघून का जात नाहीत?

मी अमेरिकेतल्या युटा राज्याच्या दक्षिण भागात सोशल वर्कर आहे. पंथातून बाहेर पडलेल्या बायका, मुलं आणि हो, पुरुषसुद्धा, यांची कागदपत्रं, राहायची सोय, शाळा, कोर्टाच्या तारखा यांत माझी बरीच वर्षं गेली. त्या ओघात अधूनमधून कुणीतरी पटकथाही वाचायला पाठवतं. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगून ठेवते.

दुसरा प्रश्न आधी घेते, कारण खरा प्रश्न तोच आहे. सिनेमा धरून चालतो की मुलगी मनाने बाहेर पडलेलीच आहे, फक्त शरीर आत अडकलंय. म्हणून त्याचा सगळा वेळ रस्त्यावर जातो. माझ्या अनुभवात रस्ता हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. निघण्याआधीचे महिने अवघड असतात आणि पोचल्यानंतरची वर्षं त्याहून अवघड. बहुतेक पटकथांत या दोन्हींना मिळून पाच-सात मिनिटं मिळतात.

आता यात पुष्कळसं परिस्थितीवर अवलंबून आहे. कुठला पंथ, कुठलं साल, बाई एकटी की पोरांसकट, मुलगी की मुलगा. मॉर्मन हा अमेरिकेतच निघालेला ख्रिस्ती पंथ. त्याच्या मुख्य चर्चने १८९० मध्ये बहुपत्नीत्व अधिकृतपणे सोडलं आणि आज कुणी ते पाळत असेल तर चर्च त्याला सदस्यत्वातून काढतं. ज्यांना तो निर्णय मान्य झाला नाही त्यांचे पुढे अनेक गट झाले. त्यांतले काही लोक युटाची राजधानी सॉल्ट लेक सिटीच्या उपनगरांत राहतात, जीन्स घालतात, मुलींना कॉलेजात पाठवतात. शेजाऱ्याला पत्ताही लागत नाही. सिनेमावाल्यांना मात्र हवा असतो तो एफएलडीएस, म्हणजे फंडामेंटलिस्ट चर्च, कारण फिक्या रंगांचे घोट्यापर्यंतचे झगे आणि कपाळावर उंच वळवलेले केस पडद्यावर छान दिसतात. तुम्ही पाहिलेल्या सिनेमांतही बहुधा हाच असणार, म्हणून मी त्याच्यापुरतंच बोलते.

हा पंथ मुख्यतः शॉर्ट क्रीकचा. युटा आणि ॲरिझोनाच्या सीमेवर, लाल कड्यांच्या पायथ्याशी वसलेली ही जोडगावं : सीमेच्या अलीकडे हिल्डेल, पलीकडे कोलोरॅडो सिटी. कथा कुठल्या सालात घडते हे पटकथेत आधी ठरवा. २००२ मध्ये जुना प्रमुख रुलन जेफ्स वारला आणि मुलगा वॉरन गादीवर आला, त्यानंतरचं गाव आणि त्याआधीचं गाव यांत खूप अंतर आहे. आजचं तर आणखीच वेगळं. २०१७ मध्ये हिल्डेलला जी बाई महापौर म्हणून निवडून आली ती स्वतः पंथ सोडून गेलेली होती. गावात आता बिअरचा कारखाना आणि बार आहे. कथा ‘आज’ घडते असं दाखवून २००५ सालचा पहारा दाखवलात तर इथला माणूस पहिल्या पाच मिनिटांत टीव्ही बंद करेल.

वाळवंटातून धावण्याचं एकदाच सांगून टाकते. गावाला लागूनच पक्का हायवे आहे. युटाच्या बाजूला त्याचा नंबर ५९, ॲरिझोनात शिरला की ३८९. त्यावरून हरिकेन हे गाव गाडीने अर्ध्या तासावर, सेंट जॉर्ज शहर तासाभरावर. वाळवंटात पळून पोचायचं कुठे? रात्री कडाक्याची थंडी, दिवसा पाणी नाही. जाणाऱ्याला गाडी लागते, तीत पेट्रोल लागतं आणि पलीकडे फोन उचलणारं कुणीतरी लागतं. आमच्याकडे आलेल्यांतले बरेच जण आधीच बाहेर पडलेल्या भावाच्या, मावशीच्या, चुलत बहिणीच्या गाडीतून आले, आणि त्यांतही पुष्कळ जण दिवसाढवळ्या. हायवेवरचा अनोळखी तारणहार मला तरी अजून भेटलेला नाही.

पहारा मात्र कपोलकल्पित नाही. वॉरनच्या काळात घरांभोवती उंच भिंती उठल्या, कॅमेरे लागले, काळ्या काचांच्या गाड्या अनोळखी माणसाच्या मागे मागे फिरत. स्थानिक पोलिसांबद्दल सिनेमात जे दाखवतात तेही बरंचसं खरं आहे. पण इथे पटकथाकार हमखास घोटाळा करतात. गावचे पोलीस म्हणजे मार्शल. ते पंथाचेच लोक असत. काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, शेरीफ हा वेगळा माणूस, बाहेरचा. दोन्ही गावांच्या प्रशासनाने आणि मार्शलांनी पंथाबाहेरच्या लोकांशी भेदभाव केला, असा निर्णय फिनिक्सच्या फेडरल कोर्टात ज्युरीने मार्च २०१६ मध्ये दिला. तेव्हा ‘मार्शलने मुलीला परत बापाच्या दारात आणून सोडलं’ हे लिहा, खुशाल लिहा. ‘शेरीफने सोडलं’ लिहिताना थांबा. त्यात राज्याची सीमा गावाच्या मधूनच जाते. एक रस्ता ओलांडला की कायदा बदलतो, कोर्ट बदलतं, मुलांच्या ताब्याचा अर्ज कुठे करायचा तेही बदलतं. ॲरिझोनाच्या बाजूचं काउंटीचं मुख्यालय किंगमनला, आणि मध्ये ग्रँड कॅन्यन आडवी. गाडीने चार तासांच्या आसपास लागतात, तेही दुसऱ्या राज्यातून वळसा घालून. एवढं नाट्य आयतं पडलेलं असताना लोक ट्रकचे दिवे का दाखवत बसतात, कळत नाही.

आता, निघून का जात नाहीत.

पहिलं कारण श्रद्धा, आणि तिला ‘ब्रेनवॉश’ म्हणून निकालात काढू नका. त्या मुलीने जन्मापासून ऐकलेलं असतं की सर्वोच्च स्वर्ग बहुपत्नीत्वाशिवाय नाही, बाईला तिथे नवऱ्याच्या हाताला धरूनच जाता येतं, आणि सोडून जाणाऱ्याची आपल्या माणसांपासून कायमची ताटातूट होते. कायमची म्हणजे मेल्यानंतरसुद्धा. सतरा वर्षांच्या पोरीला म्हाताऱ्या नवऱ्याची किळस येऊ शकते आणि त्याच वेळी तिला हेही वाटू शकतं की चूक आपलीच, आपली भक्ती कमी पडतेय. दोन्ही एकाच मनात, एकाच दिवशी. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी जणींनी बाहेर पडून वर्ष झाल्यावरही विचारलंय, ‘आणि ते खरं असलं तर?’ या प्रश्नाला समुपदेशनात सरळ उत्तर नसतं. ती विचारते, आपण ऐकतो, पुढच्या आठवड्यात ती पुन्हा विचारते.

दुसरं कारण बाहेरच्यांची भीती, आणि ती हवेतली नाही. २६ जुलै १९५३ च्या पहाटे ॲरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी शॉर्ट क्रीकवर मोठी धाड घातली. २६३ मुलं सरकारने नेली. त्यांतल्या बऱ्याच जणांना घरी परतायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला. वर्तमानपत्रांत रडणाऱ्या आयांचे फोटो आले, लोकमत उलटलं आणि पाइल पुढची निवडणूक हरले. ही गोष्ट गावातल्या प्रत्येक पोराने आजीकडून ऐकलेली असते. पुढे एप्रिल २००८ मध्ये टेक्सासमध्ये एल्डोराडोजवळच्या पंथाच्या रँचवर धाड पडली आणि चारशेहून जास्त मुलं ताब्यात घेतली गेली. धाडीला निमित्त झालेला फोन सोळा वर्षांच्या एका पीडित मुलीच्या नावाने आला होता. ती मुलगी कधी सापडलीच नाही. फोन कोलोरॅडोतल्या, पंथाशी संबंध नसलेल्या एका प्रौढ बाईने केला असावा असं तपासात पुढे आलं. मे महिन्याच्या शेवटी टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाने सरसकट सगळी मुलं उचलणं बेकायदा ठरवलं आणि मुलं परत गेली. गंमत अशी की त्याच धाडीत मिळालेल्या पुराव्यांवर २०११ मध्ये वॉरन जेफ्सला अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचारांसाठी जन्मठेप आणि वर वीस वर्षं झाली. म्हणजे धाड चूक की बरोबर, हे एका वाक्यात सांगता येणार नाही. पण तुमच्या सिनेमाच्या शेवटी सायरन वाजवत पोलिसांच्या गाड्या येतात, तेव्हा प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो आणि ती मुलगी पलंगाखाली लपते, हे लक्षात ठेवा.

कायद्याची भीती आणखी एका बाजूनेही होती. युटामध्ये बहुपत्नीत्व हा २०२० पर्यंत गंभीर फौजदारी गुन्हा होता. नवऱ्याने मारलं म्हणून पोलिसांत जायचं तर आधी आपण स्वतः गुन्हेगार आहोत हे कबूल करायचं. त्या वर्षी कायदा बदलला. सज्ञान लोकांनी संमतीने असं राहणं हा आता किरकोळ, दंडापुरता गुन्हा आहे. जबरदस्ती, फसवणूक किंवा अल्पवयीन मुलगी असेल तर मात्र तो गंभीरच. या बदलावर पंथ सोडलेल्या लोकांतही दोन तट आहेत आणि माझ्या ऑफिसातही आहेत.

तिसरं कारण अगदी रोकडं आहे. गावातली जमीन आणि घरं एका ट्रस्टच्या नावावर. हा ट्रस्ट १९४२ चा, नाव युनायटेड एफर्ट प्लॅन. माणसाने स्वतःच्या हाताने बांधलेलं घरही त्याचं नव्हे. पंथप्रमुखाची मर्जी गेली की घर गेलं. २००५ मध्ये युटाच्या कोर्टाने ट्रस्टचा कारभार पंथाच्या हातातून काढून घेतला, त्यानंतर हळूहळू सोडून गेलेल्यांनाही घरं मिळू लागली. त्याआधी बाईच्या हातात काय असे? पगार असेल तर तो नवऱ्याकडे. कायद्याने लग्न फक्त एकीशी, बाकीच्यांची लग्नं पंथापुरती, त्यामुळे घटस्फोटही नाही आणि पोटगीही नाही. आणि पोरं, बहुतेक वेळा सात-आठ, त्यांतलं एक अंगावर पिणारं.

म्हणून जी मुलांसकट निघते तिची तयारी पडद्यावर दाखवण्यासारखी असते, पण दाखवत कुणी नाही. कॅरोलिन जेसपचं उदाहरण जाहीर आहे, तिने स्वतः ते लिहिलं-सांगितलंय. अठराव्या वर्षी पन्नाशीच्या माणसाची चौथी बायको झाली. एप्रिल २००३ मध्ये नवरा गावाबाहेर आहे अशी रात्र साधून ती पहाटे आठही मुलांना जुन्या व्हॅनमध्ये घालून निघाली. एक मुलगा गंभीर आजारी, अपंग. खिशात २० डॉलर. यात वेग कुठे आहे? यात आहे ती वाट पाहणं. नवरा आणि सगळी मुलं एकाच वेळी हवी तशी जागेवर असण्याची वाट. एक मूल मागे राहिलं तर त्याच्या पायी ती परत येणार हे तिलाही माहीत आणि घरातल्यांनाही. पुढे तिने कोर्टात आठही मुलांचा ताबा मिळवला. तिच्या मोठ्या मुलीने मात्र अठरा पूर्ण झाल्यावर पंथात परत जायचं ठरवलं आणि ती गेली. माझ्या मते या कथेतलं सगळ्यात खरं दृश्य हेच आहे. त्याच्यावर सिनेमा काढायला निर्माता मिळत नाही, हा भाग वेगळा.

दुसरं टोक बघायचं तर एलिसा वॉल. चौदाव्या वर्षी, २००१ मध्ये, तिचं लग्न तिच्या मनाविरुद्ध एकोणीस वर्षांच्या मामेभावाशी लावलं. तिने खिडकीतून उडी मारली नाही. ती तीनेक वर्षं आतच राहिली. घरी जायला नको म्हणून कितीतरी रात्री आपल्या ट्रकमध्ये झोपून काढल्या. मग एका तरुणाशी ओळख झाली आणि ती हळूहळू सुटत गेली. २००७ मध्ये तिच्या साक्षीवर वॉरन जेफ्स युटामध्ये दोषी ठरला; २०१० मध्ये ज्युरीला दिलेल्या सूचना सदोष होत्या म्हणून तो निकाल रद्द झाला. कोर्टात जिंकली आणि गोष्ट संपली, असं तिथेही झालं नाही.

मुलग्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत. सिनेमेही विचारत नाहीत. जिथे एका पुरुषाला अनेक बायका हव्यात तिथे तरुण पोरं जास्त होतात, हे साधं गणित आहे. मग कुणी मुलीशी बोलला म्हणून, कुणी सिनेमा पाहिला म्हणून, कुणी हाफ बाह्यांचा शर्ट घातला म्हणून गावाबाहेर. इंग्रजीत त्यांना ‘लॉस्ट बॉइज’, म्हणजे हरवलेली पोरं, म्हणतात. मोठ्या माणसांचीही सुटका नव्हती. जानेवारी २००४ मध्ये वॉरनने एका दिवशी २१ पुरुषांना काढून टाकलं, त्यांत गावचा महापौरही होता, आणि त्यांच्या बायका-मुलं दुसऱ्या पुरुषांना वाटून टाकली. वाळीत टाकणं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, पण इथे वाळीत टाकलेल्या माणसाची मुलं त्याच संध्याकाळी दुसऱ्याला ‘फादर’ म्हणू लागतात.

ही मुलं कशी असतात ते सांगते. एकाचं चित्र देते. तपशील बदललेत, अनेकांचं मिळून केलंय असं समजा. सतरा वर्षांचा. बाराव्या वर्षापासून बांधकामावर. छपराच्या कैच्या डोळे मिटून बसवेल, मापाची पट्टी न बघता लाकडाची लांबी सांगेल. शाळा सहावी-सातवीपर्यंत, तीही घरी. कारण २००० मध्ये पंथाने सगळी मुलं सरकारी शाळेतून काढून घेतली होती. माझ्यासमोर भाड्याच्या खोलीचा अर्ज ठेवलेला. नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली. ‘आपत्कालीन संपर्क’ या रकान्यापाशी पेन थांबलं. त्याला सख्खी-सावत्र मिळून तिसाच्या वर भावंडं. सगळ्यांची नावं क्रमाने पाठ, वाढदिवस पाठ. ज्याला फोन लावता येईल असं त्यांतलं एकही नाही. त्याने शेवटी मुकादमाचं नाव लिहिलं. त्याला कुणी पाठलाग करून आणणार नव्हतं. तो परत जाऊ नये म्हणूनच दार बंद केलेलं होतं, आणि तरी तो रविवारी गाडी घेऊन गावातून एक चक्कर मारून यायचा. घराकडे बघायचा, थांबायचा नाही.

पाठलागावरून आठवलं : या पंथातलं खरोखर सिनेमासारखं पलायन एका पुढाऱ्याचं आहे. वॉरनचा भाऊ लाइल जेफ्स सरकारी अन्नमदतीतल्या घोटाळ्याच्या खटल्यात घरकैदेत होता. जून २०१६ मध्ये तो पायातलं जीपीएसचं कडं काढून पसार झाला. ऑलिव्ह ऑईल किंवा तसलंच काही चोपडून कडं सरकवलं असावं, असं एफबीआयने सांगितलं होतं. वर्षभराने साउथ डकोटात सापडला. पंथातून बाहेर पडणाऱ्या बाईला एवढी चैन परवडत नाही.

आता नंतरचं. सिनेमात मुलगी शहरात येते, आरशासमोर वेणी कापते, जीन्स चढवते, संगीत वाढतं. प्रत्यक्षात केस बहुतेकींचे सगळ्यात शेवटी जातात, काहींचे जातच नाहीत. सेंट जॉर्जला जुलैत पारा चाळिशीच्या वर असतो आणि तरी मनगटापर्यंत बाह्या, आणि जीन्सच्या आत पंथाची ती घोट्यापर्यंतची आतली वस्त्रं, असं महिनोन् महिने चालतं. लाल रंग वॉरनने वर्ज्य केला होता. कपड्यांच्या दुकानात लाल टॉपला हात लावून तो मागे घेणारी तिशीची बाई मी पाहिलीय. तिला कुणी अडवत नव्हतं. तुम्हाला दृश्य हवं असेल तर ते घ्या, पण तिथे संगीत नको.

आणि फोन येतात. धमकीचे असतातच असं नाही. आई फोन करते. ‘जेवतेस का? तुझ्या अंथरुणावर अजून कुणाला झोपवलं नाही.’ धाकटी बहीण फोनवर काही बोलत नाही, नुसती रडते. सिनेमातल्या आया एक तर राक्षसिणी असतात नाही तर भेदरलेल्या गोगलगायी. मला भेटलेल्या आया मुलीवर जीव टाकणाऱ्या आणि मुलीला नरकातून वाचवायचं म्हणून तिला परत बोलावणाऱ्या होत्या. सवतींचंही तसंच. हेवेदावे पुष्कळ. स्वयंपाकघरात कुणाची पाळी, कुणाच्या पोरांना नवे बूट, नवरा कुणाच्या खोलीत. पण बाळंतपणात रात्ररात्र जागणारीही सवतच असते. निघायच्या दिवशी कुणी पर्समध्ये गुपचूप नोटा कोंबते, कुणी नवऱ्याला फोन करून कळवते, आणि आयत्या वेळेपर्यंत कोण काय करील याचा भरवसा नसतो. तुमच्या पटकथेला रहस्य हवंच असेल तर ते ट्रकच्या दिव्यांपेक्षा इथे शोधा.

परत जाणं हा अपवाद समजू नका. अलीकडचंच बघा. सॅम्युअल बेटमन नावाच्या माणसाने कोलोरॅडो सिटीत स्वतःचा वेगळा गट काढला आणि अल्पवयीन मुलींसकट वीसहून अधिक जणी आपल्या बायका असल्याचं सांगत होता. ऑगस्ट २०२२ मध्ये फ्लॅगस्टाफजवळ त्याची गाडी अडवली. मागच्या बंद ट्रेलरच्या फटीतून लहान बोटं हलताना कुणाला तरी दिसली होती. पुढे सरकारने त्याच्या घरातून नऊ मुली ताब्यात घेऊन निवाऱ्यात ठेवल्या. नोव्हेंबरमध्ये त्यांतल्या आठ पळाल्या. कुणापासून? तर सरकारी निवाऱ्यापासून. त्या दूर वॉशिंग्टन राज्यात स्पोकेनला सापडल्या, बेटमनच्याच एका सज्ञान बायकोबरोबर. बेटमनला डिसेंबर २०२४ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली. एखाद्या पटकथेत रात्रीचं पलायन, हायवे, पोलिसांचा शोध सगळं हवं असेल तर ते इथे आहे, फक्त दिशा उलटी आहे. त्या मुलींना ‘का पळालात’ असं रागाने विचारणाऱ्यांनी निवाऱ्यातली पहिली रात्र डोळ्यांसमोर आणावी. आयुष्यात पहिल्यांदा एकटीला खोली, शेजारी एकही बहीण नाही.

कागदपत्रांचा भाग कुणाला आवडत नाही म्हणून थोडक्यात : पुष्कळांचा जन्म घरी सुईणीच्या हातचा, दाखल्यावर बापाच्या नावाच्या जागी काहीही नाही किंवा भलतंच. शाळेचा दाखला नाही. मी नव्या केसमध्ये समुपदेशनाच्या आधी जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड आणि दातांचा डॉक्टर बघते. दाढ दुखत असलेल्या माणसाला श्रद्धेच्या प्रश्नांवर बोलता येत नाही.

तर तुमच्या पटकथेचं काय करायचं. पाठलाग ठेवायचा तर ठेवा, २००५ च्या आसपासची कथा असेल तर काळ्या काचांची गाडी हरिकेनपर्यंत मागे येऊ शकते. पण ती मध्यंतराच्या आत संपवा. मुलीच्या तोंडी ‘हे सगळं खोटं आहे’ असं भाषण घालू नका. त्यांना लहानपणापासून आवाज न चढवता, चेहरा हसरा ठेवून बोलायला शिकवलेलं असतं. त्या चिडल्या की आणखी हळू बोलतात, आणि चांगल्या नटीला एवढं पुरतं. पंथातल्या माणसांना विनोदबुद्धी असते हेही विसरू नका. इतकी भावंडं असलेल्या घरात ती नसेल तर माणूस टिकणारच नाही. आणि शेवट सुखाचा हवा असेल तर तो पंधरा वर्षांनंतरचा दाखवा, कारण मला दिसलेले सुखाचे शेवट साधारण तेवढ्या अंतरावरचेच आहेत : कुणी नर्स झाली, कुणी ट्रस्टकडून बापाचंच घर विकत घेतलं आणि त्याच गावात राहायला गेली.

एक व्यवहाराची गोष्ट. माहितीसाठी तुम्ही इथल्या लोकांना भेटणार असाल तर ओळखीतून या आणि वेळेचे पैसे द्या. फुकट ‘अनुभव’ मागणाऱ्यांना इथले लोक कंटाळलेत. लग्नाच्या रात्रीबद्दल विचारू नका. झग्यातल्या बायकांचे फोटो काढत गावात फिरू नका, त्या अजून तिथे राहतात. आणि तयार पटकथा चित्रीकरणाआधी पंथ सोडलेल्या किमान दोघांना वाचायला द्या, एक बाई आणि एक पुरुष. त्यांचं आपसांत पटणार नाही. ते जिथे भांडतील ती पानं पुन्हा लिहायला घ्या.